जावयाचं आडनाव ग्रीनवुड, पण विहीणबाई म्हणतात आम्ही फ्रेंच. मूळ कसं शोधायचं?

खामल्याचा काका

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात मँचेस्टर नावाच्या गावी असते (इंग्लंडातलं नाही, तिकडेही एक आहे). जावई तिथलाच, आडनाव ग्रीनवुड. डिसेंबरात नातवाला घेऊन येऊन राहिले, उष्टावण नागपूरलाच करायचं ठरलं आहे. मी रिटायर्ड माणूस, उन्हाळाभर कूलरसमोर बसून विचार केला की नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ करून एकाच फ्रेममध्ये लावावी, एका बाजूला आपली, एका बाजूला त्यांची. आपल्याकडची काही अडचण नाही, अकरा पिढ्या आमच्या चुलत्यांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीवरून उतरवून आणल्या होत्या, तो कागद लॅमिनेट करून ठेवला आहे. अडचण जावयाकडची.

गुगलवर ग्रीनवुड टाकलं तर सगळं इंग्लंडातलं यॉर्कशायर निघून राहिलं. तेच सजवून विहीणबाईंना पाठवलं तर त्या खूप हसल्या म्हणे. त्यांचं स्वतःचं माहेर आयरिश, पण सासरचे लोक फ्रेंच, कॅनडातून आलेले. त्यांच्या यजमानांचे आजोबा (आमचे व्याही आता नाहीत) तिथल्या आमोस्केग कापड गिरणीत कामाला आले होते, मरेपर्यंत घरात फ्रेंच बोलायचे. हे ऐकून मला वेगळंच काही वाटलं कारण माझे आजोबा इथे एम्प्रेस मिलमध्ये होते. म्हणजे नातवाच्या अंगात दोन्हीकडून सरकीच.

विहीणबाईंना आजेसासऱ्यांचं नाव फक्त जोसेफ एवढंच माहीत, आणि आजेसासूचं नाव मेमेर. कॅनडात गाव कोणतं, ते नाही माहीत. मी एका वेबसाइटला डॉलरमध्ये पैसे भरले (मुलीला सांगितलं नाही अजून), तिने दहा मिनिटात पार शार्लमेन राजापर्यंत झाड काढून दिलं. आमच्या घरात कोणी एवढ्या लवकर राजा झालं नाही म्हणून शंका आली.

तर प्रश्न असा की ग्रीनवुड आडनावाचा फ्रेंच माणूस असतो का, आणि असला तर नागपुरात बसून त्याचं मूळ सापडू शकतं का? फ्रेंच मला शून्य येते.

सावजी रस्सा

काका, ग्रीनवुड म्हणजे हिरवे. नगरकडे हिरवे आहेत, तिकडे विचारा 😄

मॉन्ट्रियलचा वऱ्हाडी

काका नमस्कार, मी मूळचा अमरावतीचा, शिकलो नागपुरात, आता इथे मॉन्ट्रियलात सात वर्षं झाली. सावजीभाऊंनी गंमत केली पण उत्तर अर्धं तिथेच आहे. ग्रीनवुड हे भाषांतर आहे. मूळ आडनाव बहुतेक ब्वाव्हेर. ब्वा म्हणजे लाकूड, रान, आणि व्हेर म्हणजे हिरवं. लिहिताना मध्ये एक एस आणि शेवटी एक टी असतो, दोन्ही मुके, म्हणून आपल्या लोकांना ते बॉइसव्हर्ट दिसते.

हे का झालं ते सांगतो. साधारण १८४० ते १९३० या काळात क्वेबेकातून (हा कॅनडाचा फ्रेंच प्रांत) जवळपास ९ लाख लोक अमेरिकेत गेले. शेतं लहान पडली, घरात दहा-दहा बारा-बारा पोरं, आणि सीमेपलीकडे न्यू इंग्लंडात म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात गिरण्या माणसं मागून राहिल्या होत्या. लोवेल, फॉल रिव्हर, वूनसॉकेट, लुइस्टन आणि तुमच्या मुलीचं मँचेस्टर, सगळीकडे या लोकांच्या वस्त्या झाल्या, त्यांना प्ती कानादा म्हणजे छोटं कॅनडा म्हणत. तिथला गिरणीचा कारकून इंग्रज नाहीतर आयरिश, त्याला हे उच्चार जमायचे नाहीत. मग कोणी अर्थ लावून बदललं, कोणी कानाला येईल तसं लिहिलं. लब्लांचे व्हाइट झाले, रुआचे किंग झाले, बुलांझेचे बेकर, लाझनेसचे यंग. कानावरून म्हणाल तर बन्वाचे बेनवे आणि आर्शांबोचे शॅम्बो. हे समजलं नाही तर माणूस जन्मभर यॉर्कशायरात शोधत बसतो.

आणि मेमेर हे नाव नाही काका. तिकडच्या फ्रेंच लोकांत आजीला मेमेर आणि आजोबाला पेपेर म्हणतात. म्हणजे विहीणबाईंनी तुम्हाला आजेसासूचं नाव आजी सांगितलं.

जोसेफवरही जाऊ नका. तिकडे त्या काळी बाप्तिस्म्यात जवळपास प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि प्रत्येक मुलीच्या नावाआधी मरी लावायचे, खरं हाक मारायचं नाव पुढचं असते. पाच भाऊ पाचही जोसेफ असं सर्रास दिसते. वर एखादं लेकरू गेलं तर पुढच्याला तेच नाव ठेवायचे, त्यामुळे दोन बाप्तिस्मे दिसले म्हणून दोन माणसं मोठी झाली असं समजू नका, मधे एक दफन सापडते.

खामल्याचा काका

मेमेरचं वाचून आमच्या घरात हसून हसून पुरेवाट झाली. मी फ्रेमच्या कच्च्या कागदावर सौ. मेमेर ग्रीनवुड असं लिहूनही टाकलं होतं.

ब्वाव्हेर नावाने शोधलं तर आता हजारो निघून राहिले. यातला आपला कोणता?

मोडीवाली ताई

काका, मी मोडी वाचते, नागपूरच्या महाल भागातल्या दोन-तीन जुन्या घरांची दप्तरं लावून दिली आहेत, आणि मागे एका मैत्रिणीसाठी या क्वेबेकच्या भानगडीत चांगली सहा महिने अडकले होते. एकच गोष्ट सांगते, ती धरून चाला. आडनावाच्या मागे लागू नका, जोडप्याच्या मागे लागा. नवऱ्याचं नाव आणि बायकोचं माहेरचं नाव, ही जोडी मिळाली की अर्धं काम झालं.

कारण त्यांचं आडनाव म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. आपल्याकडे कसं, एक भाऊ कुलकर्णी राहतो, दुसरा गाव सोडतो आणि गावाच्या नावाने अमुककर होतो, तिसऱ्याला पाटीलकी मिळते म्हणून त्याची पोरं पाटील. तिकडे तेच झालं आहे, फक्त त्यांनी ते लिहून ठेवलं. त्याला दी म्हणतात. दी म्हणजे म्हटलेला, आपलं उर्फ. अमुक दी तमुक. मग एका पिढीत पहिलं नाव लिहितात, दुसऱ्या पिढीत दुसरं, आणि एकाच बापाची मुलं दोन आडनावांनी पुढे जातात. रिव्हार नावाचं एक घराणं आहे, त्यातून लाव्हीन्य, लोरांझे, लानुएत, दुफ्रेन, बेलफय, लाकुर्सिएर अशी कितीतरी आडनावं फुटली. तुमची ती गाणारी सेलिन दिओन, तिचं दिओन हे मूळचं गुयों. १६३४ च्या सुमारास झां गुयों नावाचा गवंडी फ्रान्सच्या पेर्श प्रांतातून आला, त्याचा वंश.

ही उर्फं आली कुठून तर बरीचशी सैन्यातून. १६६५ साली कारिन्यां-सालिएर नावाची पलटण फ्रान्सहून क्वेबेकला उतरली, बाराशेच्या वर शिपाई, तिथल्या मूळ रहिवासी इरोक्वा लोकांशी लढायला. त्यातले चारशेच्या आसपास तिथेच राहिले, जमिनी घेतल्या, लग्नं केली. आणि फ्रेंच शिपायांना टोपणनाव असायचंच. लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बिनघोर, जोलिकर म्हणजे चांगल्या मनाचा, तुलीप म्हणजे ट्यूलिप, एकाचं तर त्रांशमोंतान्य, डोंगर कापणारा. तलवारी घेऊन फिरणारे बाप्ये आणि नावं फुलांची, मला हे फार आवडतं. पुढे नातवांना ते आडनाव म्हणूनच चिकटलं.

आता बायकांचं पहा. फ्रेंच रिवाजाप्रमाणे बाई जन्मापासून मरेपर्यंत कागदावर बापाच्याच आडनावाने राहते. लग्न झालं, बारा मुलं झाली, विधवा झाली, पुन्हा लग्न केलं, मेली, तरी दफनाच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव आणि पुढे अमुकची बायको. लोकांत तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारत असतील, पण पाद्र्याच्या वहीत नाही. म्हणून नवऱ्याचं आडनाव तीनदा बदललं तरी बायकोचं नाव खुंटीसारखं जागेवर असतं. त्या खुंटीला धरायचं.

मेमेरचं माहेरचं आडनाव विचारा विहीणबाईंना. घरात प्रार्थनेचं पुस्तक, लग्नाचं सर्टिफिकेट, कबरीवरचा दगड, काहीतरी असेलच.

सावजी रस्सा

ताई तुम्ही एक बाजू सांगून राहिल्या. मी कुठेतरी वाचलं की क्वेबेकला ज्या बायका राजाने पाठवल्या त्या पॅरिसच्या रस्त्यावरच्या होत्या, जहाजं भरून पाठवल्या. फ्रेममध्ये हे पण लिहायचं का काका 😄

मोडीवाली ताई

रस्सा, हे जुनं कुजबूज प्रकरण आहे आणि खोटं आहे. त्यांना फिय द्यू रुआ म्हणजे राजाच्या मुली म्हणतात. १६६३ ते १६७३ या दहा-अकरा वर्षांत साधारण ७७० बायका चौदाव्या लुईच्या खर्चाने गेल्या, कारण तिकडे वसाहतीत पुरुषच पुरुष होते आणि इंग्रजांच्या वसाहती भराभर वाढत होत्या. पुष्कळ जणी अनाथ, काही पॅरिसच्या सालपेत्रिएर या अनाथालय-धर्मशाळेत वाढलेल्या, काही बऱ्या घरच्या पण बाप गेलेल्या. प्रवासखर्च राजाचा, आणि कित्येकींना लग्नाच्या करारात राजाकडून ५० लिव्रचा (तेव्हाचं फ्रेंच चलन) आहेर. आणि ऐक, तिकडे पोचल्यावर नवरा पसंत करायचा हक्क त्यांना होता. करार झाला आणि माणूस पटला नाही तर करार मोडून दुसरा धरल्याच्या नोंदी नोटरीच्या दप्तरात आहेत. सतराव्या शतकात. आपल्याकडे आत्ता आत्तापर्यंत पोहे खाऊन निघून जायचे लोक.

बाकी त्याच काळात लगेच झ्यां तालों या अधिकाऱ्याने १६६६ साली घरोघर जाऊन माणसं मोजून घेतली, सैन्य सोडून ३,२१५ भरली. नाव, वय, धंदा, सगळं लिहिलेलं. एवढीशी माणसं. १७६३ मध्ये फ्रान्सने कॅनडा इंग्रजांना देऊन टाकला तोवर ती सत्तर हजाराच्या घरात गेली होती, आणि आजचा जवळपास प्रत्येक फ्रेंच क्वेबेकवाला त्यांच्यातूनच.

मॉन्ट्रियलचा वऱ्हाडी

ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि हे बायकांच्या नावाचं अजून चालू आहे बरं का. १९८१ पासून क्वेबेकात कायद्यानेच बाई लग्नानंतर जन्माचं आडनाव वापरते. माझी बायको इथे आली तर सरकारी ऑफिसात तिचं लग्नाआधीचं नाव मागून राहिले, आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं. त्यात जे चार चकरा झाल्या ते वेगळंच रामायण.

काका आता कामाचं. उलटं या. म्हणजे १६६५ पासून खाली येऊ नका, नातवापासून एक एक पायरी वर चढा. पहिली पायरी अमेरिकेत. फॅमिलीसर्च नावाची साइट आहे, फुकट, फक्त खातं उघडायचं. तिच्यावर न्यू हॅम्पशायरच्या लग्नाच्या जुन्या नोंदी आहेत, त्यात नवरा-नवरी दोघांच्या आईवडलांची नावं असतात. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत कोणत्या वर्षी देशात आला हेही विचारलेलं आहे, ते पहा. आणि सगळ्यात भारी म्हणजे फ्रेंच-कॅनेडियन वंशावळीवर काम करणारी अमेरिकन-कॅनेडियन जिनिऑलॉजिकल सोसायटी तुमच्या मुलीच्या गावातच आहे, मँचेस्टरला! तिला एक शनिवार तिथे पाठवा. तिथे गावोगावच्या चर्चमधल्या लग्नांच्या छापील याद्या असतात, त्याला रेपर्तुआर म्हणतात.

एकदा कॅनडातलं लग्न सापडलं की पुढे रस्ता सिमेंटचा आहे. क्वेबेकात चर्चची वही हीच सरकारी नोंद होती, थेट १९९४ पर्यंत. पाद्री दोन प्रती लिहायचा, एक चर्चमध्ये, एक कोर्टात, म्हणून एक जळली तर दुसरी राहते. द्रुएं नावाच्या संस्थेने १९४० च्या दशकात या सगळ्या वह्यांचे मायक्रोफिल्म काढून ठेवले, आज ज्याला द्रुएं कलेक्शन म्हणतात ते तेच. लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, गाव. ते आईबाप घेतले की त्यांचं लग्न शोधा. मग त्यांचे आईबाप. असे आठ-नऊ उड्यांत माणूस जहाजावर पोचतो. फक्त एक फसगत, विधुर किंवा विधवेचं दुसरं लग्न असेल तर आईबाप लिहीत नाहीत, आधीच्या जोडीदाराचं नाव लिहितात. तिथे थांबून आधीचं लग्न शोधावं लागते.

१८४९ च्या आधीचं मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीच्या पीआरडीएच या प्रकल्पात माणूस-माणूस जोडून ठेवलं आहे, १९६६ पासून ते लोक हे करून राहिले. आणि फ्रान्समधलं मूळ गाव हवं असेल तर फिशिए ओरिजिन नावाची यादी आहे, तीही फुकट. तांगे नावाच्या पाद्र्याचा १८७१ पासून छापलेला सात खंडांचा कोश सगळीकडे नेटवर आहे, तो बघा पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, बिचाऱ्याने एकट्याने केला, चुका भरपूर.

बर्डी ७४

एवढा व्याप कशाला करून राहिले? थुंकी पाठवा, डीएनए करा, महिन्याभरात सगळं घरपोच. माझ्या साडभावाने केलं.

मॉन्ट्रियलचा वऱ्हाडी

भाऊ, बाकी ठिकाणी ठीक आहे, पण या लोकांत डीएनए उलट गोंधळ घालते. मूळची माणसं मोजकी, तीनशे वर्षं आपसातच लग्नं, त्यामुळे कोणालाही कोणाशी पाच-सहा बाजूंनी नातं लागते. साइट म्हणते हा तुमचा तिसरा चुलत भाऊ आणि खरं पाहिलं तर तो सातव्या पिढीत तीन ठिकाणी जुळते. झाकारी क्लूतिए नावाचा एक सुतार १६३४ मध्ये आला, १८०० सालापर्यंत त्याचे वंशज १०,८५० मोजले आहेत. माझ्या ऑफिसात दोघांचा वाद झाला, दोघेही त्याचेच निघाले.

आणि जवळच्या नात्यात लग्न असेल तर चर्चची सूट घ्यावी लागायची. नोंदीत लिहिलेलं असते, चौथ्या अंशाच्या रक्तसंबंधाची सूट दिली. चौथा अंश म्हणजे दोघांचे खापरपणजोबा एक. आपण सपिंड बघतो तसंच समजा. ते वाक्य दिसलं की सोडू नका, अडलेली पिढी त्याच्यावरून सुटते.

खामल्याचा काका

मंडळी, दहा दिवसांनी लिहून राहिलो. मधे इथे तीन दिवस लाइन नव्हती नीट आणि मुलीला सुट्टी नव्हती.

विहीणबाईंनी माळ्यावरून एक डबा काढला, त्यात मेमेरची जपमाळ आणि चर्चचं एक छोटं पुस्तक निघालं, आत शाईने नाव, आडनाव गान्यों. मोडीवाली ताई, तुमची खुंटी सापडली. मुलगी शनिवारी त्या सोसायटीत गेली, तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि अर्ध्या तासात ब्वाव्हेर-गान्यों हे जोडपं काढून दिलं. लग्न मँचेस्टरच्याच फ्रेंच चर्चमध्ये, १८९० च्या दशकातलं. नवऱ्याच्या आईबापांचं गाव क्वेबेकात लोत्बिनिएरकडे, नदीकाठी.

तिथून पुढची नोंद मुलीने फोटो काढून मला पाठवली. आता माझ्या शंका. एक म्हणजे नवऱ्याच्या नावापुढे फीस माझर असं लिहिलं आहे. मी गल्लीत सांगून आलो की जावयाचे पूर्वज सैन्यात मेजर होते. बरोबर ना? दुसरं, एका आजोबांच्या नावाआधी फ असं काहीतरी आहे. आणि तिसरं म्हणजे एका तारखेत महिन्याच्या जागी ७ चा आकडा आणि त्याला बारीक शेपूट. मी जुलै लिहिलं.

मोडीवाली ताई

काका, गल्लीत परत जाऊन या. फीस म्हणजे मुलगा, माझर म्हणजे सज्ञान. वयात आलेला मुलगा एवढंच. फ्रेंचांच्या काळात पंचवीस वर्षं पूर्ण लागायची, पुढे इंग्रजांच्या काळात एकवीस. त्याआधी लग्न करायचं तर आईबापांची परवानगी, म्हणून पाद्री ते आवर्जून लिहायचा.

ते नुसतं फ नाही, फ जरा ओठ गोल करून म्हणायचं, अर्थ कैलासवासी. ते दिसलं की समजायचं लग्नाच्या आधीच बाप गेला होता, म्हणजे दफनाची नोंद त्या तारखेच्या मागे शोधायची. फुकटचा सुगावा आहे तो.

आणि ७ आणि शेपूट म्हणजे जुलै नाही, सप्टेंबर. सेप्त म्हणजे सात, म्हणून ७ ला ब्र जोडायचे, सप्तंब्र. ८ ला शेपूट म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि एक्स म्हणजे डिसेंबर. आपणही सप्त, अष्ट, नव, दश म्हणतोच की. मोडीत तारखा अशाच आखडून लिहितात, पहिल्या वेळी मी पण एका कागदाचा चंद्रच, म्हणजे तारीखच, बदलला होता.

पण मला हे सांगा, या जुन्या नोंदीत नवऱ्याचं आडनाव काय आहे? ब्वाव्हेरच?

खामल्याचा काका

नाही!! तेच सांगायचं राहिलं. त्याच्या आधीच्या पिढीत पाद्र्याने डेनेव्हेर दी ब्वाव्हेर असं लिहिलं आहे. दी!! मी ते दोन अक्षर बघून उभाच राहिलो, बायको म्हणे काय झालं. त्याच्याही वरच्या पिढीत नुसतं डेनेव्हेर. म्हणजे नातू ग्रीनवुड, त्याच्या आधी ब्वाव्हेर, त्याच्या आधी डेनेव्हेर. त्या शार्लमेनवाल्या साइटवर यातलं एकही नव्हतं.

मॉन्ट्रियलचा वऱ्हाडी

वा काका, जिंकलात! डेनेव्हेर दी ब्वाव्हेर हे जुनं घराणं आहे, सतराव्या शतकातलं, लोत्बिनिएरकडचंच. पण ब्वाव्हेर हे उर्फ इतर घराण्यांनीही घेतलेलं आहे, म्हणून मधली एकही पायरी गाळू नका, प्रत्येक लग्न डोळ्याने पाहूनच वर चढा. आणि लग्नाचे करार नोटरीकडे व्हायचे, चर्चच्या आधी, सगळं खानदान सह्या करायला हजर. ते क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत. बहुतेकांना सही येत नाही असं खाली लिहिलेलं असते, पण कोणी दिलं काय ते वाचायला मजा येते. एक गाय, एक पलंग, दोन चादरी.

सावजी रस्सा

एक गाय एक पलंग, म्हणजे आमच्या मामाचं लग्न.

खामल्याचा काका

आज शेवटचं विचारतो, वेगळंच आहे.

काल रात्री व्हिडिओ कॉलवर मुलीने त्यांच्याकडचा तक्ता दाखवला. आठ पिढ्या झाल्या. प्रत्येक पिढीत दोन चौकोन, नवरा आणि बायको, बायकोचं पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, तिच्या आईचं सुद्धा. एक तर त्यातली राजाची मुलगी निघाली, १६७० च्या आसपासची, अनाथ, सही न येणारी, पण तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, आईचं नाव, पॅरिसमधलं चर्च, सगळं आहे. मग मुलगी म्हणते बाबा आता तुमची बाजू द्या, मी त्याच पद्धतीने भरते.

मी लॅमिनेट केलेला कागद आणला. अकरा पिढ्या. सगळे बाप्ये. एकाही चौकोनात बाई नाही. मी म्हटलं थांब आजीचं तरी सांगतो, तर आजी, म्हणजे वडलांची आई, तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. म्हणजे माझंही मेमेरच झालं. लग्नानंतरचं नाव रेशन कार्डावर पाहिलेलं आठवते, रुक्मिणी, पण ते सासरी ठेवलेलं. माहेरचं नाव काय, आडनाव काय, काहीच माहीत नाही. आपल्याकडे तर नाव आणि आडनाव दोन्ही बदलून टाकतात, दी नाही की काही नाही.

आज सकाळी वर्धेला आत्याला फोन लावला, वय नव्वदच्या पुढे, ऐकू कमी येते. तीनदा विचारलं तेव्हा म्हणाली वेणू. वेणू म्हणायचे तिला तिच्या घरी, आर्वीकडची होती, भाऊ दोन होते, एक लवकर गेला. आडनाव तिला आठवून नाही राहिलं, उद्या सांगते म्हणाली. मग विचारलं कायले पाह्यजे रे तुले.

मोडीवाली ताई, त्र्यंबकेश्वरच्या वहीत बायकांच्या माहेरचं काही लिहिलेलं असते का? चुलत्यांनी उतरवताना गाळलं असेल असं वाटून राहिलं.

मोडीवाली ताई

असतं कधी कधी काका, मूळ वही पाहा, उतारा नाही. उतरवणारे बाप्येच असतात, बायका गाळतात. पण खरं शोधायचं तर आजीच्या भावाकडून या. त्यांच्या गावाचा उपाध्याय वेगळा असेल. आईबापाचं दिवसपाणी करायला तो जो भाऊ गेला असेल त्याने वहीत घरातली सगळी नावं सांगितली असतील, बहिणींची सुद्धा, बरेच जण सांगतात. आत्याने आडनाव सांगितलं की आधी मला कळवा, आर्वीकडच्या दोन-तीन घरांची दप्तरं माझ्या ओळखीत आहेत.

खामल्याचा काका

आत्याचा आत्ताच फोन आला होता. आडनाव दोन सांगून राहिली. म्हणते एक खरं आहे आणि एक गावातले म्हणायचे.